फ्युएल फिल्टर घरी बदलताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास वाढतो, तो म्हणजे इंधनाचा फिल्टर. कुणाची गाडी घाटात दम सोडते, कुणाच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, तर कुणाची गाडी फिल्टर घरी बदलल्यावर चालूच होत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

उत्तरे वाचण्याआधी आपल्या गाडीबद्दल एक गोष्ट नक्की करून घ्या. फिल्टरमधून इंधन ढकलले जाते, की ओढले जाते? टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर ते ढकलले जाते. चावी ऑन करताच मागच्या सीटखालून काही सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो या पंपाचा. टाकीत पंप नसेल आणि इंजिनवरचाच पंप डिझेल खेचून आणत असेल, तर ते ओढले जाते. अशा गाडीत बहुधा फिल्टरच्या डोक्यावर (म्हणजे फिल्टर ज्याला बसतो त्या वरच्या बैठकीवर) हँडपंप किंवा पाइपात रबरी फुगा दिसतो. पहिल्या प्रकारात सांधा सैल राहिला तर इंधन बाहेर गळते, दुसऱ्या प्रकारात हवा आत शिरते. खालच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या फरकात आहे.

प्रश्न : माझी २०१४ ची १.३ लिटर कॉमन रेल डिझेल गाडी आहे. ऑइल आणि एअर फिल्टर मी घरीच बदलतो. डिझेल फिल्टरही घरी बदलता येईल का? येत असेल तर क्रमाने सांगावे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : येईल. ऑइल फिल्टर बदलण्याइतकेच हे काम हाताला सोपे आहे, पण स्वच्छतेच्या बाबतीत त्याहून बरेच कडक. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून (रेलमधून) मोठ्या दाबाने डिझेल देणारी रचना. तिचा पंप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर यांच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि डिझेल फिल्टर त्याच्या दहाव्या-पंधराव्या भागाएवढा कण अडवण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे फिल्टर बदलताना त्याच्या बाहेरच्या अंगावरची धूळ आत पडली, तर जुना घाण फिल्टर ठेवला असता तेच बरे, असे म्हणायची वेळ येते.

म्हणून कामाची सुरुवात ब्रशने. फिल्टरचा डबा, त्याची झाकणे, पाइपांची टोके आणि आसपासचा भाग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासून काढा, पुसा आणि वाळू द्या. धागे सुटणारे फडके वापरू नका. वारा वाहत असताना किंवा अंगणात झाडलोट चालू असताना हे काम काढू नका.

जवळ ठेवायचे सामान असे: गाडीच्या नंबरप्रमाणे घेतलेला नवा फिल्टर आणि त्याच्यासोबतचे ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), सॉकेट पान्यांचा सेट, पक्कड, एक लिटरची पारदर्शक बाटली, नायट्राइलचे हातमोजे, उघडी तोंडे झाकायला स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड, एलईडी टॉर्च आणि एबीसी पावडरचे छोटे अग्निशामक. डिझेल पेट्रोलसारखे भडकन पेट घेत नाही, पण तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर पेटू शकते. इंजिन पूर्ण गार असले पाहिजे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. फिल्टरच्या खाली अल्टरनेटर येत असेल तर त्यावर प्लास्टिक टाका. डिझेल झिरपले की अल्टरनेटर खराब होतो. बेल्टवर आणि कूलंटच्या रबरी पाइपांवरही डिझेल पडू देऊ नका. काहीही सोडण्याआधी पाइपांचा फोटो काढा, कारण आत येणारा, इंजिनाकडे जाणारा आणि टाकीकडे परतणारा असे दोन ते चार पाइप एकाच ठिकाणी असतात.

आता डब्याच्या तळाची ड्रेनची चकती सैल करून आतले डिझेल बाटलीत घ्या. बाटली बाजूला ठेवा, तिचे काम पुढे आहे. पाण्याच्या सेन्सरचा आणि हीटर असेल तर त्याचा कनेक्टर काढा. पाइपांचे क्विक कनेक्टर काढताना लोक सर्वाधिक नुकसान करतात. त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नसतो. आधी पाइप किंचित आत दाबायचा, मग दोन्ही बाजूंच्या कळा एकदम दाबून सरळ बाहेर ओढायचा. दहा वर्षे जुन्या गाडीत हे प्लास्टिक कडक झालेले असते. निघत नसेल तर थोडे डिझेल सोडून दहा मिनिटे थांबा आणि हलके पिळून पाहा. कळ तुटली तर अख्खा पाइप बदलावा लागतो. निघालेल्या प्रत्येक तोंडावर लगेच पिशवी बांधा.

तुमच्या गाडीत अख्खा डबा बदलायचा असेल तर जुना काढून नवा बसवणे एवढेच उरते. आतला कागदी एलिमेंट बदलायचा असेल तर डब्याच्या तळाशी बसलेला गाळही पुसून काढा. पाण्याचा सेन्सर जुन्या डब्यावरून नव्यावर न्यायचा असेल तर त्याचा ओ-रिंग नवाच हवा. ओ-रिंगला ग्रीस नको, स्वच्छ डिझेलचे बोट पुरे. जुना ओ-रिंग खोबणीत चिकटून राहिला आहे का, हे नखाने चाचपून पाहा. एकावर एक दोन ओ-रिंग बसले की सांधा घट्ट वाटतो आणि गळतो. झाकण प्लास्टिकचे असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर थांबा. जोर लावून आवळलेले झाकण काही महिन्यांनी तडकते.

पाइप परत बसवताना टक् असा आवाज आला पाहिजे, आणि त्यानंतर पाइप मागे ओढून पाहिला पाहिजे. दोन्ही करा. मग बॅटरी जोडा, चावी ऑन करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा. असे पाच-सहा वेळा. बटण स्टार्टच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबले की इग्निशन ऑन होते. मगच सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये निदान अर्धा मिनिट सोडा. चालू झाल्यावर रेस न देता पाच-सात मिनिटे तशीच राहू द्या, सगळे सांधे टॉर्चने पाहा, आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा एकदा पाहा.

एक कडक सूचना. हवा काढायची म्हणून इंजेक्टरचे नट सैल करण्याची जुन्या डिझेल इंजिनांतली पद्धत कॉमन रेलला कधीही लावू नका. इंजिन चालू असताना त्या पाइपांत शेकडो बार दाब असतो, आणि जोर दिल्यावर तो हजाराच्या पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी ती तातडीने रुग्णालयात नेण्याची जखम आहे.

प्रश्न : आमच्याकडचा मेकॅनिक नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरून बसवतो. त्यामुळे हवा राहत नाही म्हणतो. बरोबर आहे का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत चालून जायचे. कॉमन रेलमध्ये धोक्याचे आहे. आटे असलेल्या फिरवून बसवायच्या फिल्टरला वर मध्यभागी एक मोठे भोक असते आणि भोवती गोलाकार लहान भोके. डिझेल लहान भोकांतून आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या भोकातून पंपाकडे जाते. कॅनमधले डिझेल मधल्या भोकात ओतले, तर ते न गाळता थेट पंपात जाणार. भरायचेच असेल तर मधले भोक बुच मारून बंद करा आणि नव्या, स्वच्छ डिझेलने फक्त कडेच्या भोकांतून भरा. हँडपंप किंवा टाकीतला पंप असेल तर तेवढेही करण्याची गरज नाही. पंपाने आलेले डिझेल गाळूनच येते.

फिल्टर कोरडा बसवून नुसता सेल्फ मारत राहणेही तितकेच वाईट. हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच असते. तो कोरडा फिरला की धातू घासतो, आणि निघालेला चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. मग एक भाग बदलून भागत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात डिझेल फिल्टरचा पिवळा दिवा दोनदा लागला. दोन्ही वेळा गॅरेजात पाणी काढले. हे घरी करता येईल का, आणि पाणी येते कुठून? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : घरी करता येते, आणि दिवा लागला की त्याच दिवशी करावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने फिल्टरच्या तळाशी साठते. सेन्सरपर्यंत पातळी आली की दिवा लागतो. तसेच चालवत राहिलात तर पाणी पंपात जाते, तिथे वंगण तुटते आणि गंज धरतो.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी असू द्या, म्हणजे पाणी नीट खाली बसते. सकाळी इंजिन चालू न करता ड्रेन प्लगला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडा आणि प्लग दोन-अडीच आटे सैल करा. बहुतेक फिल्टरांत शंभर ते दोनशे मिलीलिटर काढले की पुरते. धार येत नसेल तर वरचा हवेचा स्क्रू किंचित सैल करावा लागतो. टाकीत पंप असेल तर चावी ऑन केल्यावर धार सुरू होते. नुसते डिझेल येऊ लागले की बंद करा आणि वर सांगितल्याप्रमाणे हवा काढा.

ती बाटली तासभर स्थिर ठेवून बघा. तळाशी स्वच्छ पाण्याचा थर दिसला तर ते बाहेरून आलेले पाणी. तांबूस गाळ असेल तर टाकीत किंवा पाइपात गंज आहे. पाणी आणि डिझेल यांच्या मधोमध काळी, बुळबुळीत साय दिसली, तर तो जिवाणू-बुरशीचा थर. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तो वाढतो, आणि नवा फिल्टर काही दिवसांतच चोंदवतो. अशा वेळी टाकी उतरवून साफ करणे हाच उपाय. फिल्टरवर फिल्टर बदलून पैसे जातात.

पाणी येण्याची कारणे तीन. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते आणि आतल्या दमट हवेचे पाणी होते. कोकणात जून ते सप्टेंबर टाकी अर्ध्याच्या वर ठेवणे म्हणूनच फायद्याचे. दुसरे, टाकीच्या झाकणाचे रबर कडक होऊन पावसाचे पाणी आत जाते. तिसरे, पेट्रोल पंपावरचे डिझेल. दोन पावसाळी महिन्यांत दिवा दोनदा लागला असेल तर आधी झाकण बदला, मग दुसऱ्या पेट्रोल पंपावर डिझेल भरून पाहा. टँकर रिकामा होत असताना भरू नका, कारण त्या वेळी तळाचा गाळ ढवळलेला असतो. पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे; नोंदवलेल्या आकड्यापेक्षा फरक दर घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त असता कामा नये. पण थोडे पाणी घनतेत दिसत नाही, ते बाटलीतच दिसते. म्हणून बाटली जपून ठेवा आणि तक्रार करताना ती व पावती सोबत न्या.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल जीपला हँडपंप आहे. फिल्टर घरी बदलला. आता सकाळी गाडी लगेच चालू होते, अर्ध्या मिनिटात बंद पडते, मग हँडपंप मारल्याशिवाय चालू होत नाही. कुठेही एक थेंब गळत नाही. (एक वाचक, जालना)

उत्तर : थेंबही गळत नाही, यातच उत्तर आहे. तुमची गाडी डिझेल ओढणारी आहे. उसाच्या रसाच्या ग्लासातल्या नळीला वर कुठे बारीक भोक पडले की ओढताना रस सांडत नाही, तोंडात हवा येते. तुमच्या पाइपात तेच चालले आहे. रात्री उभ्या गाडीत हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन अर्धा मिनिट चालते, आणि हवेचा बुडबुडा पोहोचला की बंद पडते.

गाडी हवा कुठे घेते हे शोधायला फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या जागी तात्पुरती वीतभर पारदर्शक डिझेलची नळी लावा आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळा. इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसले तर हवा त्या नळीच्या आधी कुठेतरी शिरते आहे. आता तीच नळी फिल्टरच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या पाइपात लावा. तिथे बुडबुडे नसतील तर दोष फिल्टरच्या डोक्यातच. असतील तर टाकीपर्यंतचा पाइप तपासावा लागेल.

फिल्टर आत्ताच बदललेला असल्याने बहुधा दोष डोक्यात सापडेल. जुन्या फिल्टरचे रबर वर चिकटून राहून त्यावर नवे बसले का, ते आधी पाहा. मग बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या, आतून पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर. ते एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवेच टाकायचे. मग हवा काढायच्या स्क्रूचा वायसर. आणि शेवटी खुद्द हँडपंप: त्याच्या दट्ट्याचे रबर झिजले की तिथूनच हवा जाते. हँडपंप मारताना दट्ट्याभोवती डिझेल ओले दिसते का, ते पाहा. फिल्टर बसवताना रबर डोक्याला टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि त्यानंतर आणखी पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळल्यास रबर चुरगळते.

हवा काढताना स्क्रू सैल करा, फेसाळ डिझेल येणे थांबून सलग धार लागेपर्यंत हँडपंप मारा, आणि पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. आधी पंप सोडून मग आवळलात तर हवा परत आत जाते. बरेच जण इथेच चुकतात, आणि मग तासभर हँडपंप मारत बसतात.

प्रश्न : पेट्रोल हॅचबॅक, चढावर पिकअप जातो. मेकॅनिक म्हणतो की या गाडीला फ्युएल फिल्टरच नाही. असे असते का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः काही करू शकतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फिल्टर आहे, पण टाकीच्या आत पंपाच्या असेंब्लीत. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो तिथेच असतो आणि मॅन्युअलमध्ये त्याच्या बदलाचे किलोमीटर दिलेले नसतात. पंपाच्या तोंडाशी जाळी, पुढे कागदी फिल्टर, तिथेच दाब राखणारा रेग्युलेटर. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसते.

तरीही हे काम सोसायटीत करू नका असे आमचे स्पष्ट मत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, तळघरात साठून राहते. गार दिवशीही ती पेटू शकते. पार्किंगमधल्या पाण्याच्या पंपाच्या मोटरची ठिणगी, कुणाची सिगारेट, लिफ्टचा स्विच, काहीही पुरे होते. टाकीचे तोंड उघडे ठेवून चालणारे काम मोकळ्या, वाऱ्याच्या जागी आणि माहीतगार हातांनीच व्हावे.

तुम्ही करू शकता ते निदान. इंजिन जागेवर सुरळीत, शहरात ठीक, आणि फक्त लांब चढावर किंवा ऐंशीच्या पुढे दम सुटत असेल तर इंधन कमी पडण्याची शक्यता मोठी. जागेवरही झटके खात असेल तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. मेकॅनिककडे इंधनाच्या दाबाचे गेज लावून घ्या. बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जागेवर बरोबर आणि रेस दिल्यावर घसरत असेल तर फिल्टर किंवा पंप. गेज न लावता असेंब्ली बदलायला सांगणाऱ्याला नकार द्या, हा भाग महाग आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या एमपीएफआय पेट्रोल गाडीचा धातूचा फिल्टर खाली टाकीजवळ आहे. मोकळ्या अंगणात बदलायचा आहे. पाइप सोडताच पेट्रोल उडते म्हणतात, ते कसे टाळायचे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दाब उतरवून. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. फ्यूज बॉक्समधून फ्युएल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा. इंजिन चालू करा, ते पाइपातले पेट्रोल संपवून आपोआप बंद पडेल. दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि टाकीचे झाकण परत लावा. एवढे करूनही थोडे पेट्रोल येतेच, त्यामुळे सांध्याभोवती फडके गुंडाळून सावकाश सैल करा आणि खाली पसरट डबा ठेवा. टाकी पावपेक्षा कमी भरलेली असेल तर उत्तम.

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, जॅकस्टँड हवेत. विटा आणि दगड अचानक फुटतात. एक्झॉस्ट गार होण्यासाठी दोन-तीन तास द्या. उजेडाला तारेचा बल्ब नको, कारण त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की काच फुटते आणि ठिणगी पडते. एलईडी टॉर्च आधीच चालू करून ठेवा.

फिल्टरवर बाण असतो, त्याचे टोक इंजिनाकडे. नट सोडताना दोन पाने लावा, एकाने फिल्टरचा षटकोनी भाग धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर धातूचा पाइप पिळून जातो. काही गाड्यांत फिल्टरला अर्थिंगची तार असते. ती आठवणीने परत लावा. पेट्रोल वेगाने वाहताना स्थिर वीज तयार होते आणि ती तार तिला वाट देते. रबरी पाइप बदलायचा असेल तर साधा पेट्रोल पाइप चालत नाही, इंजेक्शनच्या दाबाचा घ्या. त्यावर एसएई ३०आर९ असे छापलेले असते. काम झाल्यावर रिले लावून चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा आणि इंजिन चालू करण्याआधी सांधे कोरडे आहेत का, ते बघा.

प्रश्न : गाडी सीएनजीवर चालते. पेट्रोल फक्त चालू होताना लागते, तरी पंप आणि फिल्टर खराब झाला. का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : म्हणूनच. टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते, त्यात चिकट गाळ तयार होतो आणि जाळी चोंदते. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. काटा कायम लाल रेषेवर असेल तर तो तापतो. टाकी पाव भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सीएनजीच्या बाजूचा फिल्टर मात्र घरी अजिबात सोडू नका. सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब असतो, ते अधिकृत केंद्राचे काम आहे. तिथे जाल तेव्हा सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, तेही पाहून घ्या.

प्रश्न : जुना फिल्टर पेट्रोलने धुऊन, हवा मारून परत वापरता येतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. घाण कागदाच्या आत रुतलेली असते, ती हवेने निघत नाही, उलट कागद फाटतो. फाटलेला फिल्टर चोंदत नाही, त्यामुळे गाडी छान चालते आणि सगळा कचरा पुढे जातो.

प्रश्न : नकली फिल्टर कसा ओळखावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खोक्यावरचा पार्ट नंबर, छापील किंमत आणि उत्पादनाची तारीख बघा, आणि तोच नंबर फिल्टरच्या अंगावर आहे का, ते पाहा. कंपनीने पडताळणीचा कोड किंवा होलोग्राम दिला असेल तर दुकानातच तपासा. आटे हाताने गुळगुळीत लागले पाहिजेत, रबर खोबणीत एकसारखे बसलेले पाहिजे, आत धातूचा कीस दिसता कामा नये. खरी खात्री जुना फिल्टर उतरल्यावर होते: तो करवतीने नव्हे, कापायच्या पान्याने उघडा आणि आतल्या कागदाच्या घड्या मोजा. नकलीत घड्या विरळ असतात, टोकाचा गोंद सुटलेला असतो. असा सापडला तर त्या दुकानातून पुन्हा घेऊ नका. पेट्रोलचा फिल्टर मात्र कापू नका, त्यात वाफ राहिलेली असते.

प्रश्न : काढलेले डिझेल, जुना फिल्टर आणि फडकी यांचे काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फिल्टर रात्रभर डब्यावर पालथा ठेवून निथळू द्या. निथळलेले डिझेल परत टाकीत घालू नका. ते बंद झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जळके ऑइल घेणाऱ्या गॅरेजात फिल्टरसकट नेऊन द्या. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. थोडे डिझेलही विहिरीचे बरेच पाणी नासवते. पेट्रोलची फडकी घरात गोळा करून ठेवू नका. ती मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर, पसरून पूर्ण वाळू द्या आणि मग त्याच गॅरेजात द्या.